चुरी सर बोलत नाहीत

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक कर्णिकांनी शिक्षकांची सभा घेतली आणि वार्षिक संमेलनाची जबाबदारी अरविंद चुरींवर टाकली. त्यांना विचारलं वगैरे काही नाही. "संमेलन यंदा चुरी बघतील," एवढं म्हणून कर्णिक पुढच्या विषयाकडे, म्हणजे मुलांच्या मुतारीच्या तुंबलेल्या नळाकडे वळणार होते. मध्ये क्षणभर थांबायची मात्र त्यांची पद्धत होती. त्या क्षणात चुरी "हो, करतो की," म्हणायचे आणि सभा पुढे सरकायची.

सिल्वासातल्या त्या मराठी शाळेत ऐंशीच्या सुरुवातीपासून हे असंच चाललं होतं, आणि आता नव्वदही उलटून गेलं होतं. चुरी मूळचे डहाणूकडचे. गावी नोकरी मिळेना म्हणून इकडे आले आणि टोकरखाड्याला बिऱ्हाड करून राहिले. माणूस कामाला वाघ आणि स्वभावाने गाय, असं त्यांच्या पाठीमागे म्हणत. वेळापत्रक चुरींकडे, परीक्षेची बैठकव्यवस्था चुरींकडे, झेंडावंदनाची कवायत चुरींकडे, खानवेलहून येणाऱ्या मुलांचे बसचे पासही चुरींकडेच. शिवाय गणिताचे तास होतेच. वर पत्रे, बाहेर कारखान्यांकडे जाणारे ट्रक आणि आत खच्चून भरलेला वर्ग, अशा ठिकाणी चुरींनी वर्षानुवर्षं आवाज चढवत नेला होता. ते पाढे म्हणायला लागले की दमणगंगेवर कपडे धुणाऱ्या बायका मोजायला लागतात, असं मुलं म्हणायची.

त्या शुक्रवारी चुरींनी तोंड उघडलं. "हो" आत तयार होतं. बाहेर मात्र नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. सगळे त्यांच्याकडे बघत होते. चुरी घाबरले, घोटभर पाणी प्यायले, कर्णिकांना हात जोडले आणि पिशवी उचलून थेट डॉक्टरकडे निघून गेले.

कर्णिक नळाच्या विषयावर आले, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

"गरम झालेत वाटतं," कोपऱ्यातून विज्ञानाचे प्रभाकर बाविस्कर हळूच म्हणाले.

तिकडे डॉक्टरांनी चुरींच्या तोंडात चमचा घालून टॉर्च मारला. डॉक्टर गुजराती होते, पण पेशंट पाहून भाषा बदलायचे. चुरींसाठी त्यांनी सगळ्याच भाषा थोड्या थोड्या वापरल्या.

"मास्तर, एकदम सुजेला आहे. आता बोलवानुं बंद. एक शब्द नाय. कानात कुजबुज बी नाय, ते तर अजून खराब. अठवाडा मौन, समझ्या?"

चुरींनी मान हलवली. घरी आल्यावर शोभाबाईंनी हळदीचं दूध पुढे केलं आणि विचारलं, "म्हणजे आता आठवडाभर हाताने शिकवणार?"

शनिवारी सकाळी चुरी शाळेत आधी कर्णिकांच्या खोलीत गेले. रजा काढणं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बोलता येणार नाही, एवढंच सांगून टाकायचं, म्हणजे गैरसमज नको, असा त्यांचा विचार. त्यांनी कर्णिकांसमोर उभं राहून स्वतःच्या गळ्यावर आडवा हात ठेवला.

कर्णिकांचा चेहरा गंभीर झाला. "गळ्याशी आलंय?"

चुरींनी जोरात मान डोलवली. गळ्याशीच तर आलं होतं.

"चुरी, बसा. असं एकदम टोकाला जाऊ नका."

चुरींनी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं, "घसा बसला आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे." कर्णिकांनी ते वाचलं आणि समजूतदारपणे हसले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी रागावलेल्या माणसांचे ताप, पाठदुखी आणि पोटशूळ बरेच पाहिले होते. शिवाय कालच्या सभेच्या जरा आधीच चुरींनी व्हरांड्यात धावणाऱ्या पोरांवर टाकलेली डरकाळी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. असा आवाज अर्ध्या तासात जातो, यावर कोण विश्वास ठेवणार?

"ठीक आहे," कर्णिक म्हणाले. "संमेलन काढलं तुमच्याकडून."

चुरी दचकले. छे छे, तसं काही नाही, करतो मी, या अर्थाने त्यांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"तेवढ्यावर भागत नाही? बरं. परीक्षेची बैठकव्यवस्थाही काढली."

चुरींनी आणखी जोरात हात हलवले.

"वेळापत्रक! बसचे पास! आता तरी?"

चुरींनी कपाळाला हात लावला. कर्णिकांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "कवायतही नको. जा, आता शांत व्हा."

चुरी बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे फक्त गणित उरलं होतं.

काढलेली कामं कुठेतरी जायला हवी होती. संमेलन बाविस्करांकडे गेलं, बसचे पास मराठी शिकवणाऱ्या मालती दळवींकडे, उरलेली इतरांकडे. बाविस्कर जळगावकडचे. शिक्षकांवर कसा अन्याय होतो याची भाषणं त्यांच्याकडे कायम तयार असत. भत्ता, बढती, शिक्षक-खोलीतला पंखा, कुठलाही विषय काढा, त्यांच्याकडे मागण्या मोजायला दोन्ही हातांची बोटं अपुरी पडत. ऐकायला मात्र कुणी थांबत नसे. त्यांनी चुरींना शिक्षक-खोलीत गाठलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मानलं सर तुम्हाला! आम्ही इतकी वर्षं नुसतं बोलून बोलून दमलो. तुम्ही न बोलता हलवलं की भो त्या माणसाला!"

चुरींनी गळा दाखवला.

"हां हां, गळ्याशी आलंय. सगळ्यांच्याच आलंय. आता आम्ही तुमच्या मागे आहोत."

चुरींनी त्यांनाही लिहून दाखवलं. बाविस्करांनी डोळा मारला. "तेच सांगायचं. मस्त कारण आहे."

सोमवारी कर्णिकांनी बाविस्करांना संमेलनाबद्दल विचारलं, तर बाविस्करांनी उत्तर न देता छताकडे पाहिलं. मंगळवारी भूगोलाच्या सरांनी तेच केलं. त्यांना कशाबद्दल राग होता हे त्यांनाही नीट ठरवता आलं नव्हतं, पण सगळे गप्प असताना आपणच बोलणं त्यांना बरं दिसेना. बुधवारी कर्णिकांनी पुन्हा सभा बोलावली. त्यांनी पहिला विषय मांडला आणि थांबले. दुसरा मांडला आणि थांबले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता, आणि तो पंखाही तक्रार असल्यासारखाच फिरत होता. कर्णिकांनी सभा संपवली, खोलीत जाऊन दार लावलं आणि शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीत फोन केला.

या सगळ्या गडबडीत चुरींचे दिवस मात्र विचित्र शांततेत चालले होते. वर्गात ते फळ्यावर गणित मांडायचे आणि बाजूला उभे राहायचे. पहिल्या दिवशी मुलांनी गोंधळ घातला. मग, सर ओरडत नाहीत म्हणजे नक्की काहीतरी भयंकर आहे, असं मुलांनी ठरवलं आणि ती आपसांत हळू आवाजात गणितं सोडवायला लागली. खिडकीशी उभं राहून चुरी त्यांच्याकडे बघत होते. या मुलांचे चेहरे आपण इतक्या निवांतपणे कधी पाहिलेच नव्हते, असं त्यांना वाटलं. एरवी त्यांना फक्त तोंडं दिसायची, आणि ती बंद कशी करायची एवढाच प्रश्न असायचा.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मालतीबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. बसच्या पासांचं काहीतरी विचारायचं होतं. विचारून झालं, चुरींनी कागदावर उत्तर लिहून दिलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"सर, तुम्ही हे केलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला नाही जमणार. मी रविवारी मुंबईहून येते ना, वापीला गाडीतून उतरले की तशीच परत फिरावंसं वाटतं. यांची नोकरी तिकडे, मुलगी सासूबाईंकडे. बदलीचं विचारायला गेले की म्हणतात, बघू. वर्गात उभी राहिले की बरं असतं. तास संपला की पुन्हा तेच."

चुरींनी मान हलवली.

"मागे एकदा तुम्हाला सांगायला आले होते मी. आठवतं? तुम्ही लगेच म्हणालात, होईल हो सगळं ठीक." त्या जरा हसल्या. "मग पुढे काय बोलणार?"

चुरींना ते आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हणालो असणार, याची त्यांना खात्री होती. ते सगळ्यांनाच तसं म्हणायचे. आत्ताही तेच वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं, पण घशामुळे आतच राहिलं. मग मालतीबाई आणखी बोलल्या. मुलगी हल्ली फोनवर काय बोलते, काय बोलत नाही, ते सगळं. घंटा झाली तेव्हा त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं. तुम्ही छान बोलता." मग आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन त्यांना खुदकन हसू आलं.

घरीही तसंच. जेवताना चुरी गप्प बसून भात कालवत होते आणि शोभाबाई बोलत होत्या.

"पूर्वी तुम्ही घरी आलात की वर्गातलं सांगायचात. किलवणीच्या त्या मुलाने विचारलेलं तुम्हाला, राजे मेल्यावर त्यांच्या हत्तींचं काय व्हायचं? तुम्ही दोन दिवस तेच शोधत होतात. पुस्तकांचा ढीग घातला होता इथे. हल्ली आलात की फक्त काय काय उरलंय ते सांगता."

चुरींचा घास हातातच राहिला. तो मुलगा त्यांना लख्ख आठवला. तेव्हा ते इतिहास शिकवायचे. हत्तींचं काय व्हायचं, ते शेवटी सापडलं नव्हतं, पण त्या मुलाला तसं सांगतानाही मजा आली होती. असं सांगण्यासारखं शेवटचं कधी घडलं, ते त्यांना आठवेना. त्या संध्याकाळी ते बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. आपल्याला राग आलेला नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण मग जे आलं आहे ते काय आहे, हे ठरत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा टॉर्च मारला. "हवे, आता बोला. पण हळू, हां. बूम मारायची नाय." चुरींनी "हो" म्हणून पाहिलं. आवाज खरखरीत होता, पण होता. आज सगळ्यांना सरळ सांगून टाकायचं, माफी मागायची आणि आपली कामं परत घ्यायची, असं ठरवून ते शाळेत आले, तर फाटकात जीप उभी होती.

वरच्या कचेरीतून वाडकर मॅडम आल्या होत्या. एका शाळेतले सगळे शिक्षक एकदम मुके झाले, हे त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं होतं. कर्णिकांच्या खोलीत त्यांनी चुरींना समोरची खुर्ची दिली. कर्णिक बाजूला अवघडून बसले होते. बाहेर व्हरांड्यात बाविस्कर आणि मालतीबाई सूचनाफलक वाचत उभे होते. फलकावर काही नव्हतं.

"मॅडम, माझा खरोखरच घसा बसला होता," चुरी म्हणाले. "बाकी काही नाही. कर्णिक सरांचा गैरसमज झाला. मी माफी मागतो."

कर्णिकांनी चमकून पाहिलं. वाडकर मॅडमनी चुरींचा आवाज ऐकला आणि त्यांना खरं काय ते कळलं. त्या स्वतः कधीकाळी वर्गावर उभ्या राहिल्या होत्या.

"ठीक आहे. आता बरा आहे ना घसा?"

"हो."

"मग इतक्या लांब आलेच आहे तर विचारते. कसं चाललंय तुमचं?"

छान चाललंय, हे वाक्य चुरींच्या ओठांवर आलं. पण आठवडाभरात त्यांना एक सवय लागली होती. पहिलं वाक्य तोंडाशी आलं की तिथेच राहायचं, आणि मग त्याच्या मागे उभं असलेलं दुसरं दिसायचं. ते थांबले. मॅडमही थांबल्या.

"मॅडम, मी इतिहासाचा माणूस आहे," चुरी हळूच म्हणाले. "एम. ए. इतिहासात केलं. इथे आलो तेव्हा इतिहासच शिकवायचो. मग गणिताचे सर बदलून गेले. कर्णिक सर म्हणाले, तात्पुरतं गणित घ्या. मी घेतलं."

"मग?"

"अजून तात्पुरतंच चाललंय."

मॅडमना हसू आलं, पण चुरींचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं.

"कामाचं काही नाही हो. काम होतं. पण संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगावं, असं दिवसभरात काही घडत नाही. रिकामाच परत जातो. हे कुणाला सांगायचं आणि कसं, तेच कळत नव्हतं. त्यात चूक माझीच. मी कधी नाही म्हटलंच नाही."

"कर्णिक," मॅडमनी विचारलं, "सध्या इतिहास कोण घेतं?"

कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मी."

चुरींना हे अर्थातच माहीत होतं. आजवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्याचं एक कारण तेही होतं.

"तुम्हाला शाळेची इतकी कामं असतात. इतिहास चुरींना देऊन टाका. चांगलंच आहे की," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना वापीच्या रस्त्यावरच्या आणखी एका शाळेत जायचं असल्यामुळे चहाही न घेता निघून गेल्या.

जीपचा आवाज लांब गेला. कर्णिक खिडकीतून बाहेर बघत होते.

"घ्या तुम्ही इतिहास," ते म्हणाले. "तुमचाच आहे. माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "पण एक सांगू का? नववीच्या इतिहासाला मी वर्गाचं दार लावून घेतो. त्या तासाला कुणी सही मागायला येत नाही, कुणी नळाचं सांगत नाही. मी हेडमास्तर नसतो तेव्हा. घरी तर कुणी नाहीच बोलायला, सगळे दादरला. दिवसभरात तेवढाच एक तास मला मी बरा वाटतो."

चुरी त्यांच्याकडे बघत राहिले. मग राहू दे सर, मी गणितच घेतो, हे वाक्य घाईघाईने पुढे आलं. चुरींनी ते आत ठेवलं. होईल हो सगळं ठीक, हेही आलं. तेही ठेवलं.

"सर, वाटून घेऊ," ते म्हणाले. "निम्मे धडे तुम्ही, निम्मे मी."

कर्णिक वळले. त्यांच्या डोळ्यांत इतक्या वर्षांत कुणी न पाहिलेला लोभ चमकला. त्यांनी खणातून नववीचं पुस्तक काढलं. दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. पहिले काही धडे सुखाने वाटले गेले. मग फ्रेंच राज्यक्रांती आली.

"ही माझी," कर्णिक म्हणाले.

"सर, बाकी काहीही घ्या. क्रांती मला हवी."

"वा! दरवर्षी मी करतो ती!"

"म्हणूनच यंदा मी करणार!" चुरींचा आवाज डॉक्टरांचा सल्ला विसरून पत्र्याला जाऊन भिडला. "इतकी वर्षं थांबलोय मी! यंदा क्रांती माझी!"

"मी सोडणार नाही!"

"मीही नाही सोडणार!"

बाहेर बाविस्करांनी मालतीबाईंचा दंड घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलं का बाई? तोंडावर सांगताहेत भो. सरळ तोंडावर! म्हटलं नव्हतं मी?"

तेवढ्यात दार उघडलं. दारात कर्णिक आणि चुरी उभे होते. दोघांचेही चेहरे लाल झाले होते आणि दोघंही हसत होते. बाविस्करांना काही कळेना.

"बरं झालं, बाविस्कर, इथेच भेटलात," कर्णिक म्हणाले. "गणिताला माणूस हवाय. तुम्ही बी. एस्सी. आहात. तेव्हा गणित यंदा बावि..." ते मध्येच अडखळले, कारण चुरींनी त्यांच्याकडे पाहिलं होतं. कर्णिकांनी सदऱ्याची बटणं चाचपली. हा प्रश्न त्यांनी या शाळेत कुणालाच कधी विचारला नव्हता, त्यामुळे तो नीट जुळवायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे असं की, बाविस्कर, तुम्हाला काय हवंय?"

बाविस्करांनी तोंडाचा आ केला. इतक्या वर्षांच्या मागण्या, भत्ता, बढती, पंखा, सगळं एकाच दारातून बाहेर पडायला धावलं आणि तिथेच अडकलं. समोर कर्णिक उभे होते. त्यांना घाई नव्हती. ते खरोखरच ऐकायला थांबले होते, आणि हेच बाविस्करांना नवीन होतं. त्यांनी चुरींकडे पाहिलं, मालतीबाईंकडे पाहिलं, रिकाम्या सूचनाफलकाकडेही पाहिलं.

"सोमवारी सांगतो, सर," ते अखेर म्हणाले.

कर्णिक मान हलवून आत गेले. चुरी पुस्तक घेऊन नववीच्या वर्गाकडे निघाले. बाविस्कर तिथेच कठड्याला टेकून उभे राहिले.

"काय हो," मालतीबाईंनी विचारलं, "इतकं सगळं होतं ना सांगायचं?"

"होतं की," बाविस्कर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "पण असं कुणी खरंच विचारेल, याची तयारी नव्हती केली भो."